आत्याचं नाक आणि टोमॅटोचा सॉस

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. ओट्यावर चार किलो लालबुंद टोमॅटो, शेगडीवर पाण्याचं पातेलं, आणि आत्या सुरी हातात घेऊन नुसतीच उभी.

खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. हा इटालियन सॉस तिनं गेल्या सात महिन्यांत दीडशे वेळा तरी केला असेल. टोमॅटोच्या बुडाला सुरीनं फुली मारायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, की सालं अंगातला सदरा काढावा तशी सुटून येतात. मग हातानं कुस्करायचे. मिक्सरचं नाव कुणी काढलं तर तिचं टाळकं सरकायचं. जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्हचं तेल, त्यात ठेचलेला लसूण मंद आचेवर, मग टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर. पुढं पाऊण तास पातेल्यापासून हलायचं नाही. शेवटी बेझिलची पानं हातानं तोडून टाकायची. झालं! एवढाच पसारा.

पण गेले तीन आठवडे आत्याला वास येत नव्हता. अजिबात नाही. आणि हे डॉक्टर सोडून तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

झालं असं, की साधा सर्दीताप आला, तिनं चार दिवस अंथरुणात काढले. पाचव्या दिवशी उठून चहा केला, तर कपातून नुसती गरम वाफ नाकात गेली. आलं नाही, चहा नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. कधीकधी नाहीही येत. वाट बघू." सांगायला त्यांचं काय जातंय! जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळायचं. बाकी सगळं तोंडात ओला कागद धरल्यासारखं.

आता नाक कुणाचं जावं? जिचं सगळं आयुष्य नाकावर उभं, तिचं! अठ्ठावीस वर्षं आत्यानं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. दूध नासणार हे ती आदल्या दिवशी सांगायची. पोत्यातला एक बटाटा सडला असेल तर दारातूनच ओरडायची, "तिसरं पोतं उघडा!" आणि तो सापडायचाच. नव्या आलेल्या पोरी तिला पाठीमागं 'नाकवाल्या बाई' म्हणायच्या, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लग्न तिनं केलं नाही. भाऊ आणि वहिनी दोघंही पाळीवर जाणारे, त्यामुळं त्यांचा मुलगा हिच्याच ओट्याला टेकून लहानाचा मोठा झाला.

मग ती निवृत्त झाली आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "आता आराम कर." त्या आरामाचं एक वर्ष तिनं खिडकीत बसून काढलं. कुणाचा कुत्रा किती वाजता फिरायला जातो हे तिला पाठ झालं होतं. माणूस जिवंतपणी कसा आटत जातो ते त्या वर्षात तिला कळलं.

तेवढ्यात भाचा परत आला. सहा वर्षं बोटीवरच्या स्वयंपाकघरात राबून त्यानं दोन गल्ल्या पलीकडं सहा टेबलांचं छोटंसं हॉटेल टाकलं. त्याचं स्वयंपाकघर कपाटाएवढं. मंद आचेवरचा सॉस तिथं कुठं करणार? तो म्हणाला, "आत्या, मी शिकवतो, तू कर." शिकवलं त्यानं एकदाच. दुसऱ्या दिवसापासून तीच त्याला शिकवायला लागली.

तेव्हा ही गोष्ट फुटली तर पुढं काय, ते आत्याला लख्ख दिसत होतं. भाचा प्रेमानं खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, "आत्या, आता तू आराम कर." आणि पुन्हा ती खिडकी.

म्हणून तिनं शक्कल काढली होती. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे, एकटेच. रोज सॉस झाला की वाटीभर घेऊन ती वर जायची. "बघा हो, जरा चाखून." काका चष्मा कपाळावर चढवून, डोळे मिटून चाखायचे आणि निकाल द्यायचे. "आज लसूण फार पुढं पुढं करतोय." "पानं कमी पडली." ती खाली येऊन तेवढं सावरायची. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं होतं.

आणि काल संध्याकाळी भाच्याचा फोन. एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनच्या मॅडम त्याचा सॉस रोजच्या जेवणाला घ्यायचं म्हणत होत्या, अडीचशे माणसांसाठी. पण त्यांची एक अट होती. "जिथं बनतो ती जागा बघायची आहे त्यांना. अकराला घेऊन येतो. ताज्या पास्त्यावरच चाखणार म्हणाल्यात, तेव्हा पावणेअकराला पास्ता उकळत टाक. आत्या, हे जमलं ना, तर आपलं हॉटेल उभं राहिलं समज!"

रात्रभर तिचा जीव टांगणीला.

तर सकाळी तिनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. लसूण नाकानं कळेना, म्हणून डोळ्यानं धरला. कडा जरा पिवळसर झाल्या की लगेच टोमॅटो ओतले. पातेल्याचा आवाज कान देऊन ऐकला. आधी पातळ चळचळ, मग अर्ध्या तासानं जड, आळशी बुडबुड. चमचा फिरवल्यावर बुडाला वाट पडून क्षणभर तशीच राहिली, तेव्हा सॉस झाला म्हणायचं. सव्वादहाला तिनं त्याच्याखालचा गॅस बंद केला. मीठ बरोबर होतं, आंबटपणा बरोबर होता. बाकी? देव जाणे.

मग मोठ्या पातेल्यात पाणी खळखळलं, तिनं पास्ता टाकला आणि वर झाकण ठेवलं. इथं चुकली ती. पास्त्यावर झाकण ठेवत नाहीत, त्याचा फेस चढतो. पण पास्ता आजवर हॉटेलात भाचाच उकडायचा. आणि इस्पितळात अठ्ठावीस वर्षं एकच नियम होता, उघडं भांडं दिसता कामा नये. हात आपोआप झाकणाकडं गेला. आच मोठी तशीच ठेवून, वाटी घेऊन ती तरातरा वर निघाली. दोन मिनिटांचं तर काम!

काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांचा एक गाल भल्या मोठ्या लिंबाएवढा सुजला होता.

"हे काय?"

"दाढ काढली. आत्ताच आलो," काका अर्ध्या तोंडानं म्हणाले. "जीभ बधिर आहे. दोन तास तरी."

"अहो, आजच काढायची होती?"

"दाढेला विचारून ठरवत नाहीत."

आत्या त्यांच्या स्टुलावर मटकन बसली. वाटीतला सॉस तिच्या मांडीवर सांडता सांडता राहिला. "आता काय करू मी? अकराला ती बाई येतेय!"

काकांनी गालावरचा हात काढला. "सांगून टाका भाच्याला."

"काय सांगू?"

"नाक गेलंय ते. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. रोज वाटीभर सॉस जिना चढून आणून द्यायला तुम्ही काही एवढ्या उदार नाही."

दुसरी वेळ असती तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. पण आज तिला नुसतं रडू फुटलं. ती म्हणाली, भाचा मला घरी बसवेल. काका म्हणाले, बसवेल कदाचित. ती म्हणाली, मग कशाला सांगू. काका तोंडातला कापसाचा बोळा चावत राहिले. या सगळ्यात किती वेळ गेला हे, घड्याळांनी भरलेल्या त्या खोलीत बसूनही, तिच्या ध्यानात आलं नाही. खालून, पार तळाशी, भाच्याचा आवाज आला तेव्हा ती ताडकन उठली.

"या मॅडम, तिसऱ्या मजल्यावर. जपून, पायऱ्या उंच आहेत."

आत्या एक मजला धावत उतरली, घरात शिरली, दार मागं लोटलं, सवयीनं कडी घातली. आणि ओट्याशी येऊन ती जागच्या जागी थिजली.

झाकण तिरकं झालं होतं. पांढरा फेस पातेल्यावरून ओघळून शेगडीभर पसरला होता. पाणी शांत होतं. खाली ज्योत नव्हती. आणि बटण पूर्ण उघडं होतं.

 तिनं बटण बंद केलं, वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला. खिडकी उघडली. सवयीनं हात पंख्याच्या बटणाकडं गेला, तो तिनं चटका बसल्यासारखा मागं घेतला. ठिणगी! ज्योत कधी विझली? आत्ता? की ती वर पाय ठेवताक्षणी? तिनं जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. नुसती हवा. खोली गॅसनं भरली होती की रिकामी होती, तिला काही कळत नव्हतं. स्वतःच्याच घरात आंधळ्यासारखी उभी होती ती.

पावलं दुसऱ्या मजल्यावर आली. भाच्याची खोड तिला माहीत होती. बेलवर बोट ठेवलं की तो काढायचाच नाही.

"बेल वाजवू नको!" ती किंचाळली. "बेलला हात लावू नको! गॅस सुटलाय!"

पावलं थांबली. मग भाच्याचा दबका आवाज, "मॅडम, तुम्ही जरा खाली थांबा." आणि तो धावत दाराशी आला. "आत्या! बंद केलास का?"

"केला. रेग्युलेटर पण. खिडकी उघडलीय."

"थोडाच सुटला असेल. आता वास येतोय का? गेला असेल तर दार उघड, मॅडम खाली ताटकळल्यात."

आता ऐका. 'नाही येत' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तर खराच होता! कुणाला काही कळलं नसतं. दार उघडलं असतं, भाच्यानं सवयीप्रमाणं दाराजवळचा दिवा लावला असता, आणि एक तर सगळं नीट पार पडलं असतं, नाहीतर...  या पोराला तिनं कडेवर वाढवलं होतं.

"आत्या? येतोय का वास?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वास येत नाही रे! तीन आठवडे झाले. कशाचाच येत नाही!"

 दारापलीकडून भाच्याचा आवाज आला, पार बदललेला. "आत्या, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता. कशाला हात लावू नको. अगं, इथं जिनाभर वास आहे, मला वाटलं आतला गेला असेल!"

जिनाभर. आणि ती त्याच्या मधोमध उभी राहून नाक ओढत होती.  तिनं कडी काढली. भाच्यानं तिला दंडाला धरून अक्षरशः ओढत तळमजल्यापर्यंत नेलं, मग वर जाऊन काकांनाही खाली आणलं.

तासाभरानं घर मोकळं झालं. कॅन्टीनच्या मॅडम गेल्या नव्हत्या, हे विशेष. भाच्यानं सॉसचं पातेलं आणि पाव खाली आणला. मॅडमनी जिन्याच्या पायरीवर उभ्या उभ्याच पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. मग आणखी एक खाल्ला.

"सॉस उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण बाई, या घरातून मी घेणार नाही. तुम्ही एकट्या, आणि नाक असं. उद्या काही झालं तर?"

"बरोबर आहे तुमचं," आत्या म्हणाली. दुसरं काय बोलणार!

"हॉटेलात केला, कुणी जोडीला असलं, तर पुन्हा येईन बघायला," एवढं भाच्याला सांगून त्या गेल्या. काका गाल धरून वर गेले. पायरीवर आत्या आणि भाचा दोघंच उरले.

भाचा भडकला होता. "तीन आठवडे? तीन आठवडे तू मला बोलली नाहीस? घड्याळवाल्या काकांना ठाऊक आणि मला नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, आत्या, आराम कर."

"म्हणालोच असतो!"

"मग?"

 त्यानं सॉसचं पातेलं जवळ ओढलं. मग म्हणाला, "इथली शेगडी बंद. ते मी ऐकणार नाही. सकाळी हॉटेलात यायचं, तिथं मी असतो."

"त्या कपाटात? दोन माणसं मावतात का तिथं?"

"मावू कसंबसं."

आत्या पदराला डोळे पुसत होती. घरचं काम तर गेलं, हे तिला कळत होतं. तिचा ओटा, तिची शेगडी, तिची सकाळ. उद्यापासून कुणीतरी शेजारी उभं असणार, आणि ते कुणीतरी तिच्या डोळ्यांदेखत चुका काढणार. भाच्यानं पावाचा तुकडा मोडला, सॉसमध्ये बुडवला आणि तोंडात घालायच्या आधी नाकाशी धरला.

"लसूण आहे," तो म्हणाला. "मागून येतोय."

आत्यानं मान वर केली. "कच्चा?"

"नाही. भाजलेला, गोडसर."

"करपलेला नाही ना?"

"अजिबात नाही."

"आणि पानं?"

त्यानं पुन्हा वास घेतला, घाई न करता. "पानं आहेत. हिरवा वास आहे, ताजा. आत्ता तोडल्यासारखा. तेलाचापण येतोय थोडा, खाली."

आत्या ऐकत राहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला आपला सॉस कसा झालाय ते कळत होतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पानांचं."