धातूच्या काचेला हळदकुंकू

माझी थोरली बहीण सांगलीच्या कॉलेजात संशोधन करते. तिनं धातूची काच बनवली होती. दिसायला स्टीलची पट्टी, पण आतली रचना काचेसारखी विस्कळीत, आणि वर डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे. हाडात बसवायच्या पट्ट्यांना असा पृष्ठभाग दिला तर जंतूंना चिकटणं अवघड जातं, हे तिला दाखवून द्यायचं होतं. दसऱ्यानंतर मिरजेत चाचणी होती आणि नीट जमलेला तुकडा एकच होता; सणाला घरी येताना तो तिनं डबीत घालून सोबत आणला होता.

खंडेनवमीला आईनं तो डबीतून काढला, विळी, कोयता आणि शिलाई मशीनच्या रांगेत मांडला आणि त्याला हळदकुंकू लावलं.

माझं डोकंच फिरलं. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत मी माण तालुका पालथा घालतो, आणि माझ्याच घरात हे.

"आई, ही काय विळी हाय व्हय?"

"माझ्या लेकीचं हत्यार हाय रं. त्याला पूजा नको?"

तिला भाषण देत देतच मी तुकडा मोरीवर नेला आणि तारेच्या घासणीनं लख्ख केला.

संध्याकाळी बहिणीनं तो उजेडात तिरका धरला. "हळदकुंकू स्पिरिटनं निघालं असतं. घासलास कशाला? खड्डे गेले सगळे, नुसते चरे राहिलेत."

"आईला बोल की. सुरुवात तिनं केली."

"तिनं बोट लावलं. घासणी तू लावलीस."

चाचणी पुढं ढकलायचा फोन तिनं मलाच करायला लावला. पलीकडून कारण विचारलं तेव्हा, सांगायला लाज वाटते, मी सगळं पूजेवर ढकललं.