हौदाच्या झाकणातली पाचर

त्या इमारतीत तिला सगळे गाळणीकाकू म्हणत. तोंडावरही म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नवऱ्याची आई जाताना तिच्या हातात दोन गोष्टी देऊन गेली, पाणी गाळायचं जाड दुपदरी फडकं आणि जिन्याखालच्या हौदाची किल्ली. लोक सुनेला दागिने देतात, हिला फडकं मिळालं. काकूंनी ते दागिन्यासारखंच वागवलं.

हौद सगळ्या इमारतीचा. सकाळी नळाचं पाणी त्यात पडायचं आणि वरखाली राहणारी माणसं बादल्यांनी न्यायची. बाकीचे बादली भरली की चालू लागत. काकूंचं काम तिथून सुरू व्हायचं. कळशीच्या तोंडावर फडकं घालायचं, धार बारीक ठेवायची, पाणी उतरू द्यायचं. मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ते धुवण एका लहान डब्यात धरायचं. त्याला त्या जिवाणी म्हणत. डोळ्यांना दिसणारे, न दिसणारे जे काही जीव फडक्यावर राहिले, ते सगळे त्या डब्यात. ते मोरीत ओतायचे नाहीत. ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत जायला हवेत, दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. वरून भसकन ओतायचेही नाहीत, आपटतील. म्हणून डबा दोरीनं खाली सोडायचा, त्याच्या बुडाला कडी आणि कडीला दुसरी दोरी होती. डबा पाण्याला टेकला की ती दोरी ओढायची, म्हणजे तो अलगद कलंडायचा.

तळमजल्यावरची शिलाईवाली मशीन थांबवून विचारायची, "काय काकू, पाहुणे पोचले का घरी?"

"पोचले हो."

"जेवून गेले ना?"

"तुझ्याकडे पाठवते पुढच्या वेळी. मग बघ किती जेवतात."

दोघींचं असं चालायचं. शिलाईवालीचा नवरा कधीच गेलेला. घरात ती आणि तिची मुलगी. मुलगी काजं-बटणं करायची आणि काम करताना सारखी शीळ घालायची, म्हणून तिचं नाव पडलं शिट्टी. जिन्यावर कोण चढतंय हे काकूंना पावलांवरून कळत नसे, शिट्टीचं मात्र पहिल्याच पायरीला कळे.

काकांचं कोपऱ्यावर दोऱ्या-बटणांचं दुकान. त्या दुकानात शिंगाचं बटण नव्हतं, शिंपल्याचं नव्हतं, रेशमाचं रीळ नव्हतं. शिट्टी मुद्दाम मागायची, "काका, शिंपल्याची बटणं द्या ना, साहेबाचा शर्ट आहे." काका प्लास्टिकची पुढे करत. "साहेबाला सांग, शिंपल्यात कुणीतरी राहत होतं." ती हसत हसत प्लास्टिकची घेऊन जाई.

दिवस मावळायच्या आत दोघांचं जेवण आटोपायचं. कांदा-बटाटा घरात येत नसे. बसण्याआधी काकू जागा मऊ कुंच्यानं झाडून घेत. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसत, म्हणजे दिवसभरात कोणकोणत्या जिवाला कळत-नकळत दुखवलं ते आठवायचं आणि त्याची क्षमा मागायची. मिच्छामि दुक्कडं. माझं वाईट केलेलं मिथ्या होवो. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते शब्द तोंडात गुळगुळीत झाले होते.

पुढचं सगळं घडलं ते एका माशीमुळं.

हौदाला लोखंडी झाकण होतं, बिजागरीवर उघडणारं. एका सकाळी सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर काकू झाकण लावायला वाकल्या तर बिजागरीच्या खाचेत ओल्या मातीचा गोळा दिसला. बोराएवढा, वर गाडग्यासारखं तोंड. कुंभारीण माशीनं घर घातलं होतं. झाकण पुरतं खाली आलं असतं तर घर आतल्या पिल्लासकट चिरडलं असतं. काकूंनी अडगळीतून लाकडाची एक पाचर शोधून आणली आणि झाकणाखाली सारली. दोन बोटांची फट राहिली.

काका म्हणाले, "अगं, कुलूप लागत नाही."

"लागेल की. बाळंतीण आहे तिथं. पिल्लू उडालं की लावू."

"आणि दुसरी आली तर?"

दुसरी आली. पहिल्या घराला चिकटून तिनं आपलं घातलं. माशांनाही जागा आवडली असावी. फट तशीच राहिली.

मग एकदा फडकं उलटं करताना काकूंना त्यावर वळवळ दिसली. डोकं जड, शेपूट हलकं, आकडे टाकत नाचणारे जीव. ते कशाचे हे न कळण्याइतक्या काकू भोळ्या नव्हत्या. डासांच्या अळ्या कुणाला कळत नाहीत? त्या डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या. मोरी चार पावलांवर होती. पण हात हौदाकडेच गेला. एक दोरी सोडली, दुसरी ओढली, डबा कलंडला.

फवारणीवाला आला तो भर दुपारी. पाठीवर टाकी, गळ्यापर्यंत घाम. इमारतीतल्या कुंड्या, टायर, कौलांवरचं पाणी बघून बघून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. हौद बंद दिसत होता, म्हणजे पाचर होती पण वर काकूंनी पोतं पसरलं होतं.

"मावशी, हौद उघडता का? औषध टाकतो."

किल्ली काकूंच्या कमरेला होती.

"आत्ताच भरलाय. लोक पितात ते पाणी."

"झाकण घट्ट बसतं ना?"

"बसतं."

एकच शब्द. त्यानं पाणी मागितलं, काकूंनी गाळून दिलेलं तांब्याभर प्यायला, भिंतीवर खडूनं बरोबरची खूण केली आणि गेला. त्या संध्याकाळी काकू प्रतिक्रमणाला बसल्या. खोटं बोलण्याचा उल्लेख येतो तिथं जीभ अडखळली नाही. गाडी रुळावरून जावी तशी पुढे गेली.

शिट्टीला ताप आला तेव्हा आधी कुणाला काही वाटलं नाही. मग अंगावर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आलं आणि समोरच्या इस्त्रीवाल्यानं तिला पाठीवर घेऊन रिक्षात घातलं. डेंग्यू. रक्तातल्या पेशी खाली चालल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी शिलाईवालीला बाहेर बोलावून सांगितलं की आम्ही प्रयत्न करतोय.

आरोग्यखात्याची बाई तपासणीला आली. फवारणीवाल्याची खूण बघून ती हौदापाशी थांबलीच नाही. शिलाईवालीच्या खोलीत कोरं कापड भिजत घालायचा टब होता. मुलगी आजारी, घर बंद, पाणी तसंच. दवाखान्यातून आलेल्या शिलाईवालीनं दार उघडलं आणि बाईनं बॅटरी मारली. टबात अळ्या नाचत होत्या.

"घरातच पाळलेत की तुम्ही," बाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

झालं. वरच्या मजल्यावरची कारकुनीण म्हणाली, "स्वच्छता नको, काम तेवढं हवं." कुणी म्हणालं, "आपल्या पोरांनाही होणार आता हिच्यापायी." शिलाईवाली दवाखान्यातून कपडे बदलायला आली की जिन्यावरची बोलणी थांबत आणि ती दवाखान्यात परतली की पुन्हा सुरू होत. तिला स्वतःलाच ते पटलं होतं.

काकू मात्र जाणत होत्या. टबातलं पाणी हौदातलं. हौदातल्या अळ्या कुणी जपल्या, रोज सकाळी कुणी दोरी बांधून अलगद घरी पोचवल्या, हे इमारतीत एकीलाच ठाऊक होतं. मुलगी जाणार की राहणार हे काकूंच्या हातात नव्हतं. पण तिच्या आईच्या डोक्यावरचा आळ काढणं हातात होतं.

काकूंनी जेवण सोडलं. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवलं.

"कसला उपास?"

काकूंनी सगळं सांगितलं. पाचर त्यांना माहीत होती, अळ्या आणि ते "बसतं" माहीत नव्हतं. काकांनी हातातली बटणांची डबी बाजूला ठेवली.

"उपासानं तुझ्या पोटात आग पडेल," ते म्हणाले. "तिच्या डोक्यावरचं ओझं गुंजभर हलणार नाही."

"तिची मुलगी मरणाच्या दारात आहे. अशात जाऊन काय सांगू?"

"मग मेल्यावर सांगणारेस?"

काकू चिडल्या. "तुम्हाला काय, तुम्ही दुकानात बसता. तुमची अहिंसा प्लास्टिकच्या बटणांत भागते."

"भागते खरी," काका म्हणाले. "सगळ्यांच्या पाण्याची किल्ली माझ्या कमरेला नाही."

काकू उठल्या. जिना उतरल्या. शिलाईवाली खोलीसमोर उकिडवी बसली होती. टब पालथा घातला होता आणि बत्त्यानं त्याच्या बुडावर घाव घालत होती. प्लास्टिक चिवट, फुटत नव्हतं. बत्ता उसळून परत येत होता.

"नको मारूस," काकू म्हणाल्या.

"त्यात पण जीव आहे का?" शिलाईवालीनं मान वर केली नाही.

"टबाचं काही नाही. पाणी हौदातलं होतं. त्या अळ्या हौदातल्या." काकूंनी कठड्याला धरलं. "झाकण मी उघडं ठेवलं. अळ्या मला दिसल्या होत्या. मी परत सोडल्या. फवारणीवाल्याला झाकण घट्ट बसतं म्हणून मी सांगितलं. बसत नव्हतं."

बत्ता थांबला. जिन्यावर कारकुनीण भाजीची पिशवी घेऊन उभी होती, तिनंही ऐकलं. काकूंना ते चाललं. उलट बरं वाटलं.

"उघडं का ठेवलं?"

"बिजागरीत माशीचं घर होतं."

"माशीचं."

"कुंभारीण माशीचं. पिल्लू होतं आत."

शिलाईवालीनं काकूंकडे पाहिलं. रडली असती तर सोपं गेलं असतं. ती रडली नाही.

"उडालं का ते?"

"उडालं."

"बरं झालं. एक तरी उडालं."

काकूंनी हात जोडले. रोज संध्याकाळी म्हणायचे शब्द ओठांवर आले पण आता ते गुळगुळीत नव्हते, खडे चावावेत तसे लागत होते. "मिच्छामि दुक्कडं. मला क्षमा कर."

"मला कशाला मागता? ताप मला आलाय का? ती डोळे उघडेल तेव्हा तिला मागा. नाही उघडले तर मागत बसा जन्मभर." तिनं तळहात पुढे केला. "किल्ली."

काकूंनी कमरेची किल्ली काढून दिली.

फवारणीवाला पुन्हा आला. काकूंनी त्यालाही सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, तुमच्या हातचं पाणी पिऊन मी खूण केली हो." शिलाईवालीनं झाकणावरचं पोतं ओढून काढलं. बिजागरीतली गाडगी रिकामी होती, तिनं पाचरीनंच खरवडून काढली.

"काकू, झाकण धरा."

काकूंनी दोन्ही हातांनी झाकण उचलून धरलं. औषध पाण्यात पडलं. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बघा की," शिलाईवाली म्हणाली. "तुमचेच पाहुणे आहेत."

काकूंनी बघितलं नाही. झाकण मात्र सोडलं नाही.

शिट्टी जगली. महिनाभरानं घरी आली ती अर्धी होऊन. केस गळलेले, दोन पायऱ्या चढली की धाप लागे. काकू तिच्यासमोर जाऊन बसल्या आणि मागायचं ते मागितलं. मुलीला बोलायचाही कंटाळा होता. ती म्हणाली, "काकू, मला झोपू द्या." ती क्षमा होती की नव्हती, काकूंना ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. शीळ घालण्याइतका श्वास शिट्टीच्या छातीत अजून आलेला नाही आणि जिन्यावर कोण चढतंय ते आता पावलांवरूनच ओळखावं लागतं.

किल्ली शिलाईवालीकडेच राहिली. झाकण घट्ट बसतं. काकू अजून पाणी गाळतात. फडकं उलटं करून धुतात, धुवण डब्यात धरतात आणि डबा घेऊन शिलाईवालीच्या दारात उभ्या राहतात, कारण ते परत सोडायचं तर कुलूप उघडायला हवं. इमारतीत कुजबुज झाली की एवढं होऊन म्हातारी सुधारली नाही. शिलाईवाली मशीन थांबवते, डबा हातात घेते, दाराच्या उजेडात तिरपा करून बघते. पाणी स्वच्छ असलं की मुकाट्यानं कुलूप काढून देते. पाहुण्यांचा विनोद मात्र ती करत नाही.

परवा तिनं डबा तिरपा केला आणि तशीच थांबली. काकूंनाही दिसलं. एकच होती. आकडा टाकत नाचत होती. औषधातून वाचलेली की नळातून आलेली, कोण जाणे.

आत शिट्टी खाटेवर बसून एका शर्टाला बटण लावत होती. सुई हळूहळू वरखाली होत होती.

शिलाईवाली डबा घेऊन उभी राहिली. कुलपाकडेही गेली नाही, मोरीकडेही नाही. ती काकूंकडे बघत होती. विचारत नव्हती, नुसती बघत होती.

काकूंनी तिच्या हातातून डबा परत घेतला. उंबऱ्याबाहेरची फरशी उन्हानं तापली होती. काकू खाली बसल्या, बसण्याआधी जागा झाडायचं राहून गेलं आणि त्यांनी डबा फरशीवर ओतला. पाणी पसरलं. त्यात ती नाचत राहिली, मग पाणी आटत गेलं तशी नाचायची थांबली.

या वेळी काकूंनी तोंड फिरवलं नाही. शेवटपर्यंत बघितलं.

आत मशीन सुरू झाली. काकू रिकामा डबा घेऊन जिना चढल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. काकांनी ताट पुढे सरकवलं नाही.