पसरणीच्या घाटातली रेस

इंग्लंडला निघालो त्या दिवशी बाबांनी मला पाचगणीहून खाली वाईला जीपने सोडलं. पसरणीचा घाट उतरताना एकेक वळण मी डोळ्यांत भरून घेत होतो. वाटलं, आता हे संपलं. कसलं संपतंय!

लंडनजवळच्या रीडिंग गावात नोकरी झकास, पण शनिवार-रविवार खायला उठायचे. तेवढ्यात एक जुना रेसिंगचा गेम हाती लागला. हौशी मंडळी त्यात स्वतः बनवलेले नवे ट्रॅक घालायची, त्याला मॉड म्हणायचे. माझ्या अंगात संचारलंच! फोटो, नकाशे आणि आठवण यांच्या जोरावर अख्खा हिवाळा खपून मी पसरणीचा घाट उभा केला, अगदी कठड्यांसकट आणि खालच्या धोम धरणासकट. आमच्या ऑनलाइन लीगचा म्होरक्या होता लीड्सचा डेव्ह. त्याने पसंत केला, तर माझ्या घाटात रेस होणार होती. मला जेवण सुचेना.

पहिल्याच चाचणीत सगळ्या गाड्या समोरासमोर आदळल्या. रेसमध्ये सगळे एकाच दिशेने धावतात. मी मात्र वाईहून चढून, पाचगणीला वळून, त्याच रस्त्याने उतरायचं ठेवलं होतं. घाटात समोरून गाडी येणारच, त्यात काय एवढं!

"लव्हली, मेट, पण हा ट्रॅक नाही, रोड आहे," हेडफोनवर डेव्ह म्हणाला.

तो आता नाही म्हणणार, एवढ्यात मला बाबांचं वाक्य आठवलं, "वळणावर हॉर्न, आणि चढणाऱ्याला आधी वाट." तेच मी सगळ्यांना इंग्रजीत ऐकवलं. गेममधल्या गाड्यांना हॉर्न नव्हता. म्हटलं, तोंडाने वाजवा! पण एकदा ट्राय करा, प्लीज.

रविवारी दुपारी रेस झाली. वळणावळणाला हेडफोनमध्ये गोरे बाप्ये ओरडतायत, "पों! पों!" हसून हसून माझा जीव जायची वेळ आली. मी शेवटचा, अजून चढतोच आहे, आणि पहिल्या नंबरावरचा डेव्ह वरून सुसाट उतरतोय. मी पों केलं. त्याने करकचून ब्रेक मारला, गाडी कडेला घेतली आणि थांबला.

"तू चढतोयस, मेट. गो ऑन."

मी पुढे गेलो. तेवढ्यात मागच्याने त्याला गाठलं आणि डेव्हची रेस गेली.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जाताना त्याला हात केलास ना?"

गेममध्ये हात करायची सोय नव्हती. पुढच्या शनिवारी ट्रेनने लीड्सला गेलो, डेव्हच्या दारात उभा राहिलो आणि हात केला. त्याच्या किचनमध्ये चहा पिताना पहिल्यांदा वाटलं, मी या देशात नुसता कामाला नाही, राहायला आलोय.