बाबांनी दुरुस्त केलेलं खाणीचं गाव

नववीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी माझ्या वाट्याला अँडीज पर्वतातलं एक खाणीचं गाव आलं. आम्ही राहायचो आखातात, उम्म अल कुवैनला, बाबांच्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये. मी पाहिलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या बिल्डिंगची गच्ची.

लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात ते गाव सापडलं. आधी डोंगरातून चांदी निघाली, ती जहाजांत बसून परदेशी गेली. मग कथील निघालं, तेही गेलं. गावाला उरली धूळ आणि खोकला. घरं, दुकान, दवाखाना, सगळं कंपनीचं. कामगारांनी संप केला तेव्हा कंपनीने त्यांना कामावरून काढलं आणि बायकापोरांसकट घराबाहेर घातलं. मी हे सगळं चार्टवर जसंच्या तसं लिहिलं. माझं मराठी वाचन बाबांच्या ट्रंकेतल्या पत्रकांवर झालं होतं. पुण्यातल्या कारखान्यात युनियनचं काम करताना ती त्यांनीच लिहिली होती. बडबडगीतांच्या आधी मला घोषणा पाठ होत्या.

मग कळलं, प्रमुख पाहुणे म्हणून बाबांच्या कंपनीचे मोठे साहेब येणार. शाळेला त्यांनी पाण्याचे कूलर दिले होते.

बाबांनी चार्ट जमिनीवर पसरला आणि पेन्सिल घेतली.

"'संप' नको. 'कामात थोडा खंड' असं काहीतरी लिही."

"बाबा, दॅट्स अ लाय."

"खोटं नाही, मवाळ आहे. आणि हे 'घराबाहेर घातलं' काढ. 'लोक इतरत्र स्थायिक झाले.'"

"तुम्हीच तर पत्रकांत..."

"ते पुण्यात. तिथे नोकरी गेली तरी डोक्यावर छप्पर होतं. इथे साहेबांची मर्जी गेली की व्हिसा, फ्लॅट, तुझी शाळा, सगळं खलास."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या उंटासारख्या लामाचं चित्र मोठं काढ गं. त्याला कुणाची हरकत नसते."

बाबांची लेखणी अजून चालत होती, हे मान्य करायला हवं. संध्याकाळपर्यंत गावातला मालक नाहीसा होऊन तिथे व्यवस्थापन आलं. खोकला गेला, आरोग्यदायी थंड हवा आली.

प्रदर्शनात साहेब माझ्या चार्टपुढे थांबले आणि, कधी नव्हे ते, शेवटपर्यंत वाचत राहिले.

"व्हेरी गुड, बेटा. कंपनीने घर दिया, दवाखाना दिया, दुकान दिया. फिर लोग चले क्यों गये?"

आमच्या इतिहासाला पडलेलं हे भगदाड आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी बाबांकडे पाहिलं. कधीकाळी गेटसभेत पोलिसांसमोर भाषण ठोकणारा माणूस साहेबांचा सरबताचा ग्लास धरून उभा होता आणि मान अगदी बारीक हलवून मला नको म्हणत होता.

"क्लायमेट, सर," मी म्हणाले.

साहेब बाबांकडे वळले. "देखा? अपने यहाँ भी वही. लेबर को गर्मी का बहाना चाहिए."

बाबा हसले. मीही हसले. त्या माणसांना एकदा कंपनीने हाकललं होतं, दुसऱ्यांदा आम्ही बापलेकीने, तेही सुवाच्य अक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं.



"यल्ला, चल, आइसक्रीम खायचं?" परतताना गाडीत बाबांनी विचारलं.

नाही म्हणायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी दुकानासमोर गाडी उभी केली.

"पिस्ता," मी म्हणाले, "आणि मोठा कप."