मुळातच नसलेला करार

करार कायद्याच्या तासाला सर एक खटला समजावत होते. अल्पवयीन मुलाने जमीन लिहून दिली होती. कोर्टाने ठरवलं, हा करार मुळातच झाला नाही.

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. मुलांची लग्नं उरकून शिकायला आलेल्या, वर्गात आम्हा सगळ्यांत मोठ्या.

"सर, माझं लग्न चौदाव्या वर्षी लावलं. मग तेही झालंच नाही?"

"लग्नाचं तसं नसतं, बाई. ते रद्द करून घ्यायला तेव्हाच कोर्टात जायला हवं होतं."

"तेव्हा कोर्ट कुठे असतं, हेही मला ठाऊक नव्हतं."

पोराची जमीन वाचवणारा कायदा पोरीपाशी येऊन का थबकतो, हे मला आजही उमगलेलं नाही.

"बसा," सर हळूच म्हणाले. तास संपेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.