दाढेचं दुखणं, मानेला डाग

बायांनो, मला अक्षर येत नाही. मी बोलले तसं हे लिहून घेतलंय, नीट ऐका.

नातीच्या जबड्याखाली गाठ आली, तर सासरच्यांनी तापल्या विळ्याने तिथे डाग दिले. गाठ उतरेना, तेव्हा माहेरी धाडली. आज तिला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी तिला तोंड उघडायला लावलं. खालची दाढ किडलेली, तिचाच पू गाठीत उतरलेला.

मी म्हटलं, "दाढ दुखे, मंग सांगं का नही व माय?"

"कोन्ही इचारंच नही, मोठी माय."

विळा तापवायला मात्र घर लोटलं होतं! दाढ उपटली, आता गाठ उतरेल. डाग तिच्याबरोबर म्हातारे होतील.

बायांनो, तुमच्या सुनेला काय दुखतं ते विचारलंत, की तुमचाही विळा चुलीत आहे?