न वाजनारे कपडे

मंगरूळपीरात दर्ग्याकडं जानाऱ्या रस्त्यावर माहं शिवनाचं दुकान हाये. आधी माहे मालक जमशेद बसत मशीनवर, मी काज-बटन करत होती. ते गेले आन् मशीन माह्याकडं आली. आता लोक म्हनतात, कुलसुमबी विमानाचे कपडे शिवते. मक्केले, उमऱ्याले जानाऱ्या बाया माह्याकडूनच शिवून नेतात. हूक नाही, चेन नाही, टिचबटन नाही. सलवारीले नाडी आन् कुडत्याले कापडाची घुंडी. विमानतळावरच्या त्या तपासनीच्या दारातून जाताना बाईच्या अंगावर काही वाजलं नाही पाह्यजे, एवढंच माहं काम.

मी सोता कधी विमानात बसली नाही. पन ते दार मले पाठ हाये. जाऊन आलेल्या बायायनं इतक्या येळा सांगतलं का ते माह्या सपनातबी येते. सोयाबीन काढलेल्या मोकळ्या वावरात नुसती चौकट उभी, बाजूले ना भिंत ना कूड, पलीकडं धुकं. मी त्यातून जाते आन् ते वाजत नाही. मंग जाग येते. असं सपन सांगावं तरी कोनाले, लोक म्हनतील बाई येडी झाली.

तं अशा माह्या दुकानात एक दिवस भर दुपारी रुखमाबाई आली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची बंजारा बाई. अंगात आरशे टाचलेली कांचळी, खाली घागऱ्यावानी घेरदार फेटिया, कोपरापासून मनगटापर्यंत बांगड्या. ती दारात उभी राह्यली आन् तिच्या आरशायचा उजेड माह्या छतावर फिरू लागला. मी मशीन थांबवून वरच पाहात बसली. सोबत तिचा लहान भाऊ शेषराव होता, मास्तर हाये तो मानोऱ्याले.

"खाला," शेषराव म्हनला, "माह्या बहिनीले परवा नागपुरातून विमानानं बंगलोरले न्याचं हाये. भावजी तिथं दवाखान्यात हायेत. काळजाचं आपरेशन हाये."

रुखमाबाईचा मालक थावरा. पोरगी बेबीताई बंगलोरले नर्स हाये, तिच्याकडं तो छातीत दुखते म्हनून दाखवाले गेला होता. डॉक्टरनं लगेच ठेवून घेतलं. आता पडल्या पडल्या त्यानं हट्ट धरला, रुखमा आल्याबिगर मी आत जानार नाही. रेल्वेनं जायाले तेवढा येळ नव्हता.

मी तिले डोक्यापासून पायापर्यंत पाह्यलं. कांचळीले जुने पैशे, कमरेले कवड्या आन् शिशाचे मनी, पायात वाळे. "बाप्पा," म्हनलं, "तू नुसती उभी राह्यली तरी वाजते, वं. तुले पाहूनच ते दार बोंबलन."

ती रागावली नाही. बिचारी लगेच म्हनली, "लुगडं दे, झंपर दे, काहीबी दे, मी घालते. बांगड्या काढते. वाळे काढते." मंग तिनं दोन्ही हात कानशिलावर ठेवले. "पन घुगरीले हात लावू नको."

घुगरी म्हंजे त्यायच्या बायायच्या केसात दोन्ही बाजूनं गुंफलेले चांदीचे झुबके. लगीन झालं का बांधतात. मालक मेला का तांड्यावरच्या बाया मिळून उतरवतात. त्याच्या आधी कोनी उतरवत नाही, झोपताबी नाही. मले हे सारं माहीत होतं, तरी मी तडकली. "रुखमाबाई, तिथं वर्दीतली पोरगी उभी रायते. ते का तुह्या थावराले ओळखते? काढ म्हनली का काढा लागन. चारचौघात उतरवशील का मंग?"

तिचा चेहराच उतरला. माही जीभ अशीच हाये, आधी धावते आन् मंग पस्तावते. ती हळूच म्हनली, "तो तिथं अर्धा मेलेला पडला हाये, कुलसुमबी. आन् मी त्याच्याकडं घुगरी उतरवून जाऊ? मंग जाऊन तरी काय करू?"

शेषरावाले मी चहा सांगाले पाठवलं. पंखा गरगर फिरत होता. मी तिले विचारलं, "केस धुते तवा काय करते?"

"एका बाजूची सोडते. ते बाजू धुऊन, बांधून झाली का मंग दुसरी. दोन्ही संगं कधीच नाही."

तिथंच माह्या डोक्यात आलं. म्हनलं, मी तुले धाग्याची घुगरी करून देते. एका बाजूची चांदी सोडू, तिथं धाग्याची बांधू. मंग दुसरी बाजू. एक घडीभरबी तुह्यं डोकं रिकामं राह्यनार नाही. चांदी पिशवीत ठेव, पिशवीचं दार येगळं रायते. तिनं हो म्हनून मान हालवली.

राखाडी रेशीम काढलं. कापसाच्या बारीक गोळ्या केल्या, त्यावर धागा गुंडाळत गेली. ती दुपार मले अजून आठवते. रस्ता झोपला होता. छतावरचे उजेडाचे ठिपके ती श्वास घ्यायची तसे हालायचे. आन् ती बोलत होती, मले का सोताले कोन जाने. उसाच्या तोडीवर जायचे दोघं, दर साली, पार पश्चिमेकडं. बेबी तिथंच खोपीत झाली. थावरानं रात्रभर उसाचं पाचट जाळून ऊब केली, आन् सकाळी पोरीले घेऊन फडाच्या बांधावर असा उभा राह्यला का मुकादम ओरडून राह्यला तरी हालेना. लोक म्हनत पोरीले कोयता दे हाती. तो म्हने, माही पोरगी शाळेत जाईन. तिले आश्रमशाळेत टाकून दोघं पुन्ना तोडीवर गेले, आन् रस्ताभर थावरा पोरीसारखा रडला. ती सांगत होती आन् मले झोप आल्यासारखं होत होतं, जागी असूनबी. मले तो फड दिसत होता, पाचटाचा धूर दिसत होता. माह्या हातानं घुगरी कवा झाली ते मले समजलंच नाही.

एकेक बाजू करून आम्ही ती बदलली. तिनं आरशात पाह्यलं. दिसत तर होती तशीच. पन ती म्हनली, "डोकं हलकं लागते. असं हलकं लागनं बरं नाही."

मी एक साधं लुगडं आन् झंपर तिच्या हाती देलं आन् म्हनलं, "लेकरासारखी करू नको. जा."

दोन दिवसानं दुपारी शेषरावाचा फोन आला. पोचले. दार वाजलं नाही. मी खूश झाली, म्हनलं झालं माहं काम. तं तो हासत म्हनते, "खाला, ते वर्दीवाली बाई म्हनली, मावशी, चांदी असती तरी चाललं असतं. वाजलं तं आमी पडद्यामागं हातानं तपासतो आन् सोडतो." मले असा राग आला. इतक्या वर्सात एकाबी बाईनं मले हे सांगतलं नव्हतं, कारन माह्या कपड्यात कोनाचं काही वाजलंच नव्हतं.

मंग रुखमाबाईनं फोन घेतला. आवाज बारीक. "कुलसुमबी, माह्या म्होरल्या बाईचं कडं वाजलं, तिच्या मागच्या पोरीचा पट्टा वाजला. मी गेली तं दार मुकं. जसं का माहं कोनीच नाही. मले लय भ्या वाटलं वं." दवाखान्याच्या न्हानीत तिनं एकेक बाजू करून चांदी पुन्ना बांधली, मंगच थावरापुढं गेली. सकाळी त्याले आत नेनार होते.

त्या सकाळी माह्याच्यानं एक टाका घालवला नाही. मशीनवर बसली का ती चौकट दिसे. आता तिच्या पलीकडं, धुक्यात, एक मानूस दिसे, तोंड दिसत नव्हतं. त्याले काही झालं असतं तं रुखमाबाईनं मले बोल लावला नसता, पन मी लावला असता सोताले. तिचं डोकं हलकं माह्या हातानं झालं होतं. दुपार झाली, कोनाचा फोन नाही. दिवस कलला, असरची अजान झाली. मंग बेबीताईचा फोन आला, "मावशी, बापूनं डोळे उघडले." मी पोरीले काय बोलली ते मले आठवत नाही.

मंग लय दिवसानं, एका सकाळी, माह्या छतावर पुन्ना उजेड फिरला. रुखमाबाई. सारं अंगावर, एक मनी कमी नाही. थावरा बाहेर बाकावर बसला होता, वाळून काडी झालेला, पन बसला होता.

"येताना काय घातलं?" मी विचारलं.

"हेच," ती म्हनली.

बेबीनं सुती लुगडं काढून ठेवलं होतं, शेषराव मागं लागला होता का धाग्याची घुगरी बांध, नाही तं तपासनीत येळ जाते. तिनं ऐकलं नाही. पेटीतून सारं काढून घातलं, कांचळी, वाळे, बांगड्या. थावराले चाकाच्या खुर्चीत बसवून आधीच पलीकडं नेलं होतं. मंग ती त्या दारात शिरली. ते बोंबललं. मागं या म्हने, मागं गेली, पुन्ना शिरली, पुन्ना बोंबललं. मागची मानसं चुळबुळ करू लागली, शेषराव लाजून कोपऱ्यात. वर्दीतल्या पोरीनं तिले पडद्यामागं नेलं, हातातलं यंत्र फिरवलं. मनगटावर शिट्टी, कमरेवर शिट्टी, कानशिलापाशी तं थांबेच ना. त्या पोरीले मराठी येत नव्हती. तिनं घुगरीले बोट लावून खुनेनं विचारलं, हे काय? रुखमाबाईनं पडदा सरकवला आन् खुर्चीतल्या मानसाकडं बोट दाखवलं. पोरीनं त्याच्याकडं पाह्यलं, हिच्याकडं पाह्यलं, हासली आन् जा म्हनली.

रुखमाबाई मले सांगताना माह्या दुकानातच हात पसरून उभी राह्यली होती. "वाजू दे म्हनलं, कुलसुमबी. साऱ्यायले ऐकू जाऊ दे. जिता हाये तो."

मी बसल्या जागी लय हासली. आन् हासता हासताच मले रडू फुटलं. जमशेद गेल्यापासून मी साऱ्या गावाले न वाजता कसं जा तेच शिकवून राह्यली, आन् मले वाटे, यापरीस चांगलं काही नाही. ती घाबरली, माहा हात धरला, "काहून वं, काय झालं?" मी म्हनलं, काही नाही, डोळ्यात धागा गेला.

बाहेरून थावराचा आवाज आला, "रुखमा, बस लागली, चाल." ती उठली. मी तिले थांब म्हनलं नाही. मले तिचा हेवा वाटून राह्यला होता, आन् तो तिले दिसू नाही म्हनून मी खाली पाहून सुई ओवत बसली.